नॉर्मल, आणि त्याच्या वरची ओळ

वाशिमच्या स्टँडवर पाण्याची बाटली मागितली की दुकानदार मान वर न करता विचारतो, "थंडी का नॉर्मल?" साधा प्रश्न आहे, रोज शंभर लोकांना तो विचारत असेल. मला मात्र पटकन उत्तर देता येत नाही. मागचा माणूस "घ्या ना बाई लवकर" म्हणतो, मग मी हाताला येईल ती बाटली उचलते आणि अनसिंगच्या गाडीकडे चालायला लागते. गाडीत बसल्यावरही ते डोक्यातून जात नाही. पाणी नॉर्मल, पेट्रोल नॉर्मल, बीपी नॉर्मल, गिलावा नॉर्मल. कुणाच्या पोराला दोनदा हाक मारावी लागली की, "थो काई नॉर्मल नाई वाटत." इतक्या जागी फिरणारा शब्द, आणि कुणाला अर्थ विचारावा तर तो हसून म्हणतो, "नॉर्मल म्हंजे नॉर्मल."

मी मूळची सातारकडची. आठवीनंतर शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात मीच मोठी. इंग्रजीचं म्हणाल तर अक्षराला अक्षर जोडून शब्द वाचता येतो, पण अर्थ बहुतेक वेळा बाहेरच उभा राहतो. आमच्या गावात शाळेच्या दोन खोल्यांचं बांधकाम निघालं, तेव्हा वाशिम जिल्ह्यातली गवंड्यांची एक टोळी आली होती. त्यातल्या एकानं बांधलेले कोपरे माझ्या वडिलांना फार आवडले. ते संध्याकाळी जाऊन भिंतीला डोळा लावून बघायचे आणि घरी येऊन त्या कोपऱ्यांचंच कौतुक करायचे. त्या कोपऱ्यांमुळे मी लग्न होऊन अनसिंगला आले. माहेर इथून एका दिवसात होत नाही. सुरुवातीला लोकांचं 'मले-तुले' ऐकून मी हसायची आणि माझं 'व्हय-न्हाई' ऐकून ते हसायचे. पण या घरानं मला कधी परकं ठेवलं नाही, हे आधी लिहून ठेवते. पुढं जे सांगणार आहे त्यात मला सासऱ्यांचा राग आलेला दिसेल. तो राग त्या दिवसापुरता होता.

हा शब्द माझ्या अंगाला पहिल्यांदा चिकटला तो बाळंतपणात. कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला होता. सासूबाई पायाशी बसून कुठल्या कुठल्या देवाला नवस बोलत होत्या. शेवटी पोरगी आली. ती लगेच रडली नाही. सिस्टरनी तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, कितीतरी वेळानं बारीक आवाज आला. मग सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं ताई, नॉर्मल झाली." मी त्या बाईंचे हात धरून रडले. आठ दिवस येणारी प्रत्येक बाई दारातूनच विचारायची, "नॉर्मल का सिझर?" आणि सासूबाई पायरीवरूनच ओरडायच्या, "नॉर्मल व माय, नॉर्मल!" जणू मीच काही मोठं काम करून आले होते. फोनवर माझ्या आईनं विचारलं, "नॉर्मल म्हंजे काय गं?" मी म्हणाले, "म्हंजे सगळं नीट झालं." तेव्हा मला तोच अर्थ माहीत होता.

लेक अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. मी मागून टाळ्या वाजवायची. सासूबाईंनी तर एकदा तिच्या पाठीमागं जाऊन ताटावर उलथनं आपटलं. पोरगी दचकून वळली.

"पाय, आयकू येते ना तिले! मनमौजी हाय पोरगी. तिचा बाप बी चार वर्साचा होईस्तोवर बोल्ला नोता."

"पण आई, ती माझ्या हाकेला वळत नाही."

"तू दिवसभर बोलूनच राह्यतं त काहून वयन थे? आमीबी नाई वयत."

सगळे हसले. मीही हसले. पण ताट वाजवणं माझ्या मनातून जाईना. भांडी घासताना मी मुद्दाम एखादी वाटी फरशीवर टाकायची आणि तिच्याकडे बघायची. कधी वळायची, कधी नाही. दिवसातून वीस वेळा मी तिची परीक्षा घेत होते आणि प्रत्येक वेळी निकाल वेगळा लागत होता. रात्री नवऱ्याला सांगितलं की तो म्हणायचा, "काई नाई होत, बराबर होईन." त्याची भाषा अशीच. भिंत बराबर, जेवण बराबर, पोरगी बराबर.

पुढं अंगणवाडीत डॉक्टरांचं पथक पोरं तपासायला आलं. त्यातल्या मॅडमनी लेकीच्या मागं उभं राहून हळू आवाजात काहीतरी म्हटलं, मग दुसऱ्या बाजूला जाऊन म्हटलं, आणि कार्डावर लिहिलं. वाशिमच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं. ते मंगळवारी बसतात. त्यांनी पोरीला बघून अकोल्याला तपासणीसाठी पाठवलं आणि मला बजावून सांगितलं, "रिपोर्ट घेऊन पुढच्या मंगळवारी या. ऐकण्यात कमी असेल तर आताच मशीन लागायला हवं. बोलणं शिकायचं वय हेच आहे, ते निघून गेलं की फार अवघड जातं." ते वाक्य मी वाटभर घोकत आले.

अकोल्यात पोरीला झोपवून तिच्या कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवल्या. ती झोपली होती आणि तिचे कान जागे आहेत का ते मशीन बघत होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून नखं खात होते. नवऱ्याचं स्लॅबचं काम चालू होतं म्हणून तो आला नव्हता, मी आणि सासूबाई दोघीच. रिपोर्ट खिडकीतून मिळाला. खिडकीतला मुलगा म्हणाला, "तुमचे डॉक्टर समजावून सांगतील." डॉक्टर मंगळवारी, आणि तो वार शुक्रवार.

चार दिवस कोण थांबेल? रेल्वेत बसल्या बसल्या मी पाकीट उघडलं. आलेख, आकडे, एकापेक्षा एक लांब शब्द. खाली शेवटी दोन ओळींचं वाक्य होतं. पहिली ओळ मला लागली नाही. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच, माझ्या ओळखीचा, बाळंतपणापासून माझा असलेला तो शब्द. नॉर्मल. मी बोट ठेवून पुन्हा वाचला. एक अक्षरही चुकत नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "नॉर्मल लिहिलंय."

"खरं सांग."

"हे बघा ना. नॉर्मल."

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागदाला हात लावून तो कपाळाला लावला. समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगितलं, "नातीचा रिपोट नॉर्मल आला." त्या बाईनंही हात जोडले. गाडी वाशिमला येईपर्यंत आम्ही दोघी बोलतच होतो. लेक माझ्या मांडीवर खिडकीला नाक लावून बसली होती. मी तिला हाक मारली नाही. आता मारायची गरज नव्हती.

घरी पोचलो आणि सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. नवऱ्याला फोन केला, त्यानं तिकडून "मी बोल्लोच होतो!" म्हटलं. माझ्या आईला फोन केला, ती रडली. मंगळवारी जायचं कारण उरलं नव्हतं. मंगळवारी सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, आमच्या घरच्या दोन बायका पाहिजेत असं चुलत सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि मी हो म्हणाले.

माझ्या सासऱ्यांनी मात्र साखर तोंडात टाकली आणि विचारलं, "कोनं वाचलं थे?"

"मी वाचलं, बाबा."

"पूरं?"

मी कागद पाकिटात घालायला लागले.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं घरं बांधली. गुडघे गेल्यापासून बसून असतात, पण त्यांची एक सवय साऱ्या अनसिंगच्या गवंड्यांना माहीत आहे. गुण्या म्हणजे दोन पट्ट्या काटकोनात जोडलेलं हत्यार. कोपरा सरळ आहे का ते त्यानं बघतात. नवं काम सुरू करायच्या आधी सासरे तो गुण्या फरशीच्या सरळ कडेला टेकवायचे, उभ्या पट्टीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारायचे, मग गुण्या पलटून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारायचे. दोन्ही रेघा एकमेकीवर बसल्या तरच त्या गुण्यानं भिंतीला हात लावायचा. रेघा फाकल्या तर गुण्याच वाकडा. त्यांच्या हाताखालची माणसं वैतागायची, "मिस्तरी, कालच त पाह्यला!" पण ते ऐकायचे नाहीत. एकदा कुण्या दुसऱ्या मिस्तरीनं पडून वाकलेल्या गुण्यावर अख्खं घर उभं केलं आणि शेवटी पलंग कुठल्याच कोपऱ्याला लागेना, ही गोष्ट ते अजून चवीनं सांगतात.

"एका बाजूनं पाह्यलं तू," ते म्हणाले. "आता पलटून पाय. दुसऱ्या कोनाकडून वाचून घे."

सासूबाई उसळल्या. "तुमाले चांगलं झालेलं पावतच नाई का? साखर वाटली म्या गल्लीत! आता काय वापस मांगू?"

"साखर राहू दे. कागद दे."

"पोरीले ठसका लागला तरी तुमी गुण्या लावान!"

मलाही सासऱ्यांचाच राग आला होता, खोटं कशाला बोलू. आनंद झाला होता तो चार दिवस तरी राहू द्यायचा होता. शिवाय आत कुठंतरी माहीत होतं की मी पहिली ओळ वाचलेली नाही. ते सासऱ्यांना कसं कळलं, ही माझी खरी चीड.

शाळेतल्या मॅडम आमच्या शेजारी भाड्यानं राहतात. शनिवारी दुपारी सासरे काठी टेकत माझ्याबरोबर आले. सासूबाई "मी नाई येत" म्हणत मागून आल्या. लेक माझ्या कडेवर. मॅडमनी चहा टाकायला घेतला, तो तसाच ठेवून कागद हातात घेतला. शेवटच्या वाक्यावर आल्या आणि थांबल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या.

"तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"नॉर्मल," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि बोट ठेवून दाखवलं. वरच्या ओळीच्या शेवटी दोन शब्द होते. नॉट विदिन. खालच्या ओळीत नॉर्मल, आणि त्याच्या पुढं लिमिट्स. "दोन्ही कानांचं ऐकणं नॉर्मलच्या मर्यादेत नाही," त्या म्हणाल्या. "असं लिहिलंय, ताई."

'नॉट' मला येतं. तिसरीतल्या पोरालाही येतं. मी तो शब्द वाचलाच नव्हता. ओळखीचं माणूस दिसलं की गर्दीतून आपण सरळ त्याच्याकडेच जातो, वाटेत कोण उभं आहे ते बघत नाही, तसं झालं होतं. मला साखर आठवली, गल्ली आठवली, माझ्या आईचं रडणं आठवलं. आणि मंगळवारची सोंगणी.

"पन ताट वाजवलं त वयते थे," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता.

"मोठा आवाज येत असेल, आजी. आपलं बोलणं येत नसेल."

मॅडमना आमची तोंडं बघवली नसावीत. त्यांनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला आणि नॉर्मलचं पान उघडून वाचायला लागल्या. सामान्य. नेहमीचा. प्रमाणाला धरून असलेला. भूमितीत, लंब. मला वाटलं, यातला कुठला माझ्या पोरीचा? नेहमीची तर ती आहेच. रोज सकाळी तशीच उठते, तसंच दूध सांडते. सामान्य म्हणजे काय, चारचौघींसारखी? चारचौघी तरी कुठं एकमेकींसारख्या असतात?

"गंमत बघा," मॅडम मोबाइलवर काहीतरी शोधत म्हणाल्या, "मूळ शब्द लॅटिनमधला आहे. नॉर्मा. सुताराचं काटकोनाचं साधन. दोन पट्ट्या जोडलेलं. आधी नॉर्मल म्हणजे काटकोनातलं, मग नियमातलं, आणि फार पुढं जाऊन सगळ्यांसारखं."

सासरे पुढं वाकले. "म्हंजे गुण्या?"

"गुण्याच."

"पाय बरं!" ते सासूबाईंकडे बघून म्हणाले. "चाळीस वर्सं म्या नॉर्मल हातात घेऊन फिरलो!"

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं. "तुमचा गुण्या ठेवा बाजूले. मंगळवारी वाशिमची पयली गाडी किती वाजता हाय थे सांगा."

"अवं, सोंगनी?"

"सोंगनी गेली खड्ड्यात. मी जातो सुनेसंग," सासूबाई म्हणाल्या.

मी कोणाकडेच बघू शकत नव्हते. मॅडमचा शब्दकोश अजून उघडा होता. त्या पानावर लेकीनं तळहात ठेवला आणि तो फिरवत राहिली, कागद गुळगुळीत होता म्हणून असेल. परत येताना सासरे मला म्हणाले, "पोरी, गुण्या भिंतीच्या कामाचा. लेकरू काई भिंत नोय." आणि दोन पावलं जाऊन, "पन वाकडं हाय हे समजल्याबिगर भिंतबी सरय होत नाई." पहिल्या वाक्यानं मला धीर आला आणि दुसऱ्यानं तो गेला. ते तसेच आहेत. त्यांच्यापुढं मला तेव्हा नीट आभारही मानता आले नाहीत, म्हणून इथं लिहिते. त्यांनी कागद मागितला नसता तर मी त्या मंगळवारी शेतात असते, आणि पुढच्या कितीतरी मंगळवारीही.

साखर नेलेल्या घरांना सासूबाई स्वतः सांगून आल्या. "आमच्याकून वाचाले चूक झाली." माझं नाव त्यांनी एकाही घरी घेतलं नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी सगळं समजावलं. मशीनसाठी कागद, सह्या, पुन्हा अकोला. शेवटी दोन्ही कानांत दोन मशीनं बसली, बोटाच्या पेराएवढी. तिथल्या बाईंनी मला शिकवलं. तिच्या समोर बसून, जवळून बोलायचं. जे करतो ते बोलत करायचं. पीठ मळताना पीठ म्हणायचं, पाणी ओतताना पाणी. मी विचारलं, "मी सातारकडचं बोलते, घरात वऱ्हाडी. कुठलं बोलू?" त्या म्हणाल्या, "ज्या बोलीत तुम्ही न थांबता बोलू शकता, ती." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "मंग त आमची सून डाक्टरच हाय."

तेव्हापासून मी बोलते. भाजी चिरताना, कपडे पिळताना, गाडीची वाट बघताना. सुरुवातीला लेक मशीन ओढून काढायची. आम्ही इतकी वर्षं जे ऐकतोय ते सगळं तिच्या कानात एकदम शिरलं असणार, दाल मिल, जीपचे हॉर्न, माझा आवाज. रडायची. मी परत बसवायची. माझ्या मनात रोज दोन बायका भांडतात. एक म्हणते, उशीर झाला, अडीच वर्षं तू वाट्या टाकत बसलीस. दुसरी म्हणते, बरं झालं, एका दिवसातच कळलं, चार वर्षांनी नाही. मी दोघींना पोळ्या लाटायला लावते आणि बोलत राहते.

लेकीला आता चार वर्षं पूर्ण झाली आहेत. दहा-बारा शब्द आहेत, ते आम्हालाच कळतात. जूनमध्ये शाळेत घालायचं आहे. वर्गात तिला पुढं बसवतील का, पोरं मशीन ओढतील का, हे मी नवऱ्याला इतक्या वेळा विचारलं की तो म्हणाला, "आधी जून येऊ दे."

काल सकाळी एक मशीन सापडेना. मी अंथरुणं झाडली, चुलीमागं बघितलं, ओसरीवरची चटई उलटी केली. "कुठं ठेवलंस गं? सांग ना!" मी ओरडत होते, आणि ती माझ्याकडे शांत बघत होती, कारण दुसरंही तिनं काढून मुठीत धरलं होतं. माझं ओरडणं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा मी खाली बसले. पहिलं तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडलं. पुसलं, फुंकलं, एका कानात बसवलं. तिच्या मुठीतलं दुसरं घेऊन बसवायला हात पुढं केला तर तिनं डोकं मागं घेतलं आणि म्हणाली, "नको."

स्पष्ट. घरातल्या प्रत्येकाला कळेल असं. सासूबाई ओसरीवरून धावत आल्या. "काय म्हनलं तिनं?"

"नको म्हणाली."

"पुना म्हन व माय!"

"नको," लेक म्हणाली, या वेळी रागानं.

सासूबाई तिथंच बसल्या, डोळ्यांना पदर. मला वाटलं, तिचा पहिला धड शब्द, आणि तो मला अडवणारा. तिला हवं तसं करू द्यावं का? एक सकाळ तरी? हात हवेतच राहिला होता. मग मी तिचं डोकं माझ्या छातीशी धरलं, "कळलं गं बाई, नको म्हणालीस, ऐकलं मी," असं तिच्या मशीनवाल्या कानाशी म्हणाले आणि दुसऱ्या कानातही मशीन बसवलं. ती रडायला लागली. मोठ्यानं. मी तिला रडू दिलं आणि पिठात पाणी घातलं. "पाणी," मी म्हणाले. "पीठ."